बोटीच्या ट्रेलरला हवा तुमच्या हातातला ब्रेक

कोकणात किंवा गोव्यात होडी गाडीमागे बांधून घाटातून नेताना तुम्ही क्वचितच पाहिली असेल. आपल्याकडे होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, नाहीतर जेट्टीजवळ नांगरून. ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत मात्र घराच्या अंगणात ट्रेलरवर चढवलेली बोट हे नेहमीचे दृश्य आहे. शनिवारी सकाळी ती गाडीला जोडायची, तळ्यावर किंवा समुद्रावर न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. तिकडे स्थिरावलेली मराठी कुटुंबेही या छंदात रमतात. सुट्टीत इथून गेलेले आजी-आजोबा मागच्या सीटवर असतात, नातवंडे लाइफ जॅकेट घालून तयार असतात.

या सगळ्या तयारीत मासेमारीच्या गळापासून सनस्क्रीनपर्यंत सर्व आठवते. ट्रेलरला ब्रेक कोणता आहे आणि तो चालतो का, हे मात्र बऱ्याचदा राहून जाते. तुमच्या घरी बोट असेल, घ्यायचा विचार असेल किंवा तुमची लेक-जावई तिकडे बोट ओढत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मागचे वजन पुढच्याला ढकलते

ऊस हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्याने गेलात तर ट्रॅक्टरमागच्या भरलेल्या ट्रॉल्या दिसतात. उतारावर ट्रॅक्टरवाला आधीच गिअर कमी करतो, कारण मागचा ऊस त्याला पुढे ढकलत असतो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर सगळे वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते. बोटीच्या ट्रेलरचे गणितही तेच आहे. फरक इतकाच, की तो हायवेवर ताशी ९०-१०० किलोमीटर वेगाने धावतो.

समजा, तुमची १८ फुटी फायबरची बोट आहे. तिच्यावर इंजिन आहे. टाकीत १०० लिटर पेट्रोल आहे, त्याचेच वजन सुमारे ७५ किलो. त्यात नांगर, बॅटरी, बर्फाची पेटी आणि खुद्द ट्रेलर धरला, तर एकूण वजन १,६०० किलोपर्यंत सहज जाते, म्हणजे जवळजवळ आणखी एक गाडी. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. तुमच्या गाडीचे ब्रेक मुख्यतः तिच्या स्वतःच्या वजनासाठी घडवलेले असतात. मागच्या गाडीचा भार त्यांच्यावर टाकला, तर थांबायचे अंतर वाढते, लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ लागतात आणि वळणावर ट्रेलर आडवा येऊन गाडीलाच फिरवू शकतो.

म्हणूनच तिथल्या कायद्याने ब्रेकची सक्ती केली आहे. ऑस्ट्रेलियात ७५० किलोपर्यंतच्या एका आसाच्या ट्रेलरला ब्रेक नसला तरी चालतो. त्यापुढे २,००० किलोपर्यंत किमान एका आसाच्या चाकांना ब्रेक लागतात. २,००० किलोच्या वर सर्व चाकांना ब्रेक हवेत, ते चालकाला बसल्या जागेवरून लावता आले पाहिजेत आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागून किमान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांची, म्हणजे सुमारे १,३६० किलोंची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात ती १,५०० पौंडांवर येते. त्यामुळे दुसऱ्या राज्यात बोट नेताना तिथला नियम आधी पाहून घ्या.

जुना ब्रेक कसा चालतो?

बोटीच्या ट्रेलरवर बहुतेक वेळा धक्क्यावर चालणारा ब्रेक असतो. अमेरिकेत त्याला सर्ज ब्रेक म्हणतात, ऑस्ट्रेलियात ओव्हरराइड. तुम्ही गाडीचा ब्रेक दाबता, गाडी हळू होते, पण ट्रेलर पुढे येत राहतो. त्या धक्क्याने जोडणीचा सरकता भाग आत दबतो, तो मास्टर सिलिंडरला ढकलतो आणि ब्रेक ऑइलच्या दाबाने चाकांचे ब्रेक लागतात.

ही रचना साधी आहे. विजेची तार नाही, गाडीत काही बसवायचे नाही आणि पाण्यात बुडाली तरी शॉर्ट सर्किटची भीती नाही. म्हणूनच बोटवाल्यांमध्ये ती इतकी वर्षे टिकली. पण तिच्या तीन अडचणी आहेत.

पहिली, ट्रेलरने गाडीला ढकलल्याशिवाय ब्रेक लागतच नाही. दुसरी, लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत असतो, त्यामुळे ब्रेक अर्धवट लागून तापत राहतात. चढावर मागे घेतानाही तोच धक्का बसतो आणि ब्रेक लागून बसतात. त्यासाठी वेगळी कुलूपपिन किंवा मागच्या दिव्याला जोडलेला व्हॉल्व्ह लागतो. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागला, तर फक्त त्याचा ब्रेक लावून त्याला सरळ करता येत नाही, कारण तो ब्रेक तुमच्या हातात नसतो.

इलेक्ट्रिक ब्रेकचे दोन प्रकार

१. विद्युतचुंबकाचे ड्रम ब्रेक: प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. गाडीतल्या कंट्रोलरमधून १२ व्होल्टचा प्रवाह आला की तो फिरत्या ड्रमच्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो. ड्रम त्याला ओढत नेतो, त्याची दांडी फिरते आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. एका चुंबकाला साधारण ३ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे चार चाकांना सुमारे १२. कॅराव्हॅन आणि मालाच्या ट्रेलरसाठी हा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. बोटीसाठी मात्र दहा वेळा विचार करा. ड्रम बंद डब्यासारखा असतो. खारे पाणी आत शिरले की अडकून राहते. मग चुंबक, स्प्रिंग, शू सगळे गंजते. तुमची बोट फक्त गोड्या पाण्याच्या तळ्यात उतरत असेल आणि तुम्ही नियमित देखभाल करणार असाल, तरच याचा विचार करा.

२. विजेच्या इशाऱ्यावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक: यात चाकांवर ऑइलचे ब्रेकच राहतात, शक्यतो डिस्क. फक्त सरकत्या जोडणीऐवजी ट्रेलरच्या पुढच्या भागात उंचावर एक विजेचा पंप बसतो. त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. तुम्ही पेडल दाबताच कंट्रोलर त्याला इशारा देतो आणि तो ऑइलला दाब देतो. डिस्क ब्रेकसाठी १,६०० पीएसआयचा आणि ड्रमसाठी १,००० पीएसआयचा ॲक्च्युएटर मिळतो. विजेचा भाग पाण्यापासून दूर राहतो, डिस्क उघडी असल्याने धुता येते आणि लवकर सुकते. हा प्रकार पहिल्यापेक्षा बराच महाग पडतो. पण समुद्रावर जाणाऱ्या जड बोटीसाठी जाणकार याच मार्गाचा सल्ला देतात.

तुमच्या ट्रेलरवर आधीच चांगले डिस्क ब्रेक असतील, तर दुसऱ्या प्रकाराकडे जाताना चाकांकडचे काम बहुतेक तसेच राहते. सरकती जोडणी काढून पक्की जोडणी बसवायची, ॲक्च्युएटर लावायचा, ऑइलची नळी त्याला जोडायची, वायरिंग करायचे आणि ऑइलमधली हवा काढायची. पहिल्या प्रकारासाठी आसावर ब्रेक बसवायची चकती हवी. १० इंची ब्रेकसाठी तिला चार छिद्रे लागतात, १२ इंचीसाठी पाच. चकती नसेल, तर आसच बदलावा लागू शकतो. म्हणून सामान मागवण्याआधी आस तपासा.

गाडीतला कंट्रोलर

बाजारात दोन प्रकार दिसतील. एक ठरावीक वेळेत ठरावीक जोराने ब्रेक लावतो. तुम्ही पेडल हळू दाबा की जोरात, त्याला फरक कळत नाही. दुसरा गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे ओळखून त्या प्रमाणात ट्रेलरचा ब्रेक लावतो. कुटुंबाला घेऊन जाणार असाल, तर दुसराच घ्या. ॲक्च्युएटर घेणार असाल, तर कंट्रोलर त्याच्याशी जुळणारा आहे याची खात्री करा, कारण सगळे जुळत नाहीत.

कंट्रोलरवर हाताने चालवायची एक कळ किंवा बटण असते. घरातल्या प्रत्येक चालकाला ती न बघता सापडली पाहिजे. ट्रेलर झोके घेऊ लागला, तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंग झटकू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ही कळ हळूच दाबा. मागून ओढ बसली की ट्रेलर सरळ होतो.

अर्थात झोके मुळातच येऊ नयेत यासाठी भार नीट बसवा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार गाडीच्या जोडणीवर असावा. बोटीच्या मागच्या टोकाला सामान कोंबले की हा भार कमी होतो आणि शेपूट डोलू लागते. ते ब्रेकने झाकता येत नाही.

बसवताना या गोष्टी सोडू नका

● वायर पुरेशी जाड घ्या. बारीक वायरमध्ये व्होल्टेज गळते आणि मागचे ब्रेक दुबळे होतात.
● अर्थिंगसाठी स्वतंत्र वायर ओढा. जोडणीच्या गोळ्यामधून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहू नका. लागत-न लागत चालणाऱ्या ब्रेकचे कारण बऱ्याचदा खराब अर्थिंगच असते.
● प्रत्येक जोड पाणी न शिरणारा हवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर खाऱ्या हवेत फार दिवस टिकत नाही.
● ड्रम ब्रेकमध्ये डावा-उजवा संच वेगळा असतो. लहान शू नेहमी पुढच्या बाजूला येतो.
● ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच बसवाच. त्याची दोरी गाडीच्या चॅसिसला बांधा, सेफ्टी चेनला नाही. त्याची छोटी बॅटरी चार्ज आहे का, हे प्रत्येक सहलीआधी पाहा.
● ब्रेकच्या कामाचा अनुभव नसेल, तर हे घरी करू नका. निदान जाणकार मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय रस्त्यावर आणू नका.

पहिली चाचणी

मोकळा, सपाट, कोरडा रस्ता निवडा. गाडीत मुलांना बसवू नका. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना फक्त हातातली कळ दाबा. ट्रेलरने गाडीला मागे ओढल्याचे जाणवले पाहिजे. चाके जाम होऊन घासत असतील, तर कंट्रोलरचा जोर कमी करा. काहीच जाणवत नसेल, तर वाढवा. चाके जाम व्हायच्या थोडे आधीचा आकडा हा तुमचा आकडा. बोट रिकामी असताना आणि टाकी भरलेली असताना तो वेगळा असेल, म्हणून दोन्ही लिहून डॅशबोर्डजवळ चिकटवा.

नवे ड्रम ब्रेक पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने काम करत नाहीत. २० ते ३० वेळा, मधे थंड व्हायला वेळ देत, हलकेच लावल्यावर शू नीट बसतात. नंतर पहिल्या ३०० किलोमीटरच्या आसपास आणि मग दर ५,००० किलोमीटरला त्यांचे अंतर जुळवून घ्या.

पाण्यात उतरवण्याआधी आणि नंतर

हायवेवरून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. बेअरिंगचे ग्रीस खराब होते, ब्रेकही गंजतात. १५-२० मिनिटे थांबा. तेवढ्यात बोटीचे पट्टे सोडा, मुलांची लाइफ जॅकेट तपासा, चहा घ्या. उताराच्या रॅम्पवर मागे जाण्याआधी ट्रेलरचा प्लग काढा, म्हणजे ओल्या दिव्यांमुळे फ्यूज उडणार नाही. बोट परत चढवून निघताना तो पुन्हा लावायला मात्र विसरू नका. प्लग नसेल, तर तुमचा महागडा ब्रेक काहीच करणार नाही.

घरी आल्यावर डिस्क, कॅलिपर आणि नळ्या गोड्या पाण्याने भरपूर धुवा. ड्रम असतील, तर आत पाणी सोडायची जोडणी बसवून घ्या. नुसते वरून धुऊन आतले मीठ निघत नाही.

बदल करावा का?

बोट लहान असेल, रस्ता सपाट असेल, घरापासून तळे दहा मिनिटांवर असेल आणि जुना ब्रेक नीट चालत असेल, तर त्याचीच काळजी घेतलीत तरी पुरे. बोट १,५०० किलोच्या पुढची असेल, वाटेत घाट असेल, ट्रेलर पूर्वी डोललेला असेल, किंवा तुमच्याकडचा कायदाच सांगत असेल, तर पुढच्या मोसमाची वाट पाहू नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी मात्र घाई करू नये. तिथे ट्रेलरसाठी धक्क्यावर चालणारा ब्रेकच रूढ आहे, त्यामुळे तिथला नियम पाहिल्याशिवाय बदल करू नका.

तुम्ही पुण्यात, इंदूरमध्ये किंवा बंगळुरूत बसून हे वाचत असाल आणि मुले परदेशात बोट ओढत असतील, तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्यांना एवढेच विचारा, "ट्रेलरचा ब्रेक शेवटचा कधी तपासलास? आणि सुटला तर लागणाऱ्या त्या स्विचची बॅटरी?" उत्तर लगेच आले नाही, तर या शनिवारी पाण्यावर जाण्याआधी त्यांना गॅरेजमध्ये पाठवा.