‘कटिंग’मध्ये वजन हलकं करू नका!
वाशी-नेरुळच्या जिममध्ये ‘कटिंग’ म्हटलं, की ‘वजन हलकं कर, रिपिटेशन वाढव’ हा सल्ला हमखास मिळतो. स्टेरॉइड न घेणाऱ्यांना तो महागात पडू शकतो. खाणं कमी झाल्यावर स्नायू टिकवण्याचा इशारा शरीराला वजनांच्या व्यायामातून मिळतो. मग करायचं काय? गरजेपेक्षा 300 ते 500 कॅलरी कमी घ्या. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या 0.5 ते 1 टक्का घट पुरे. प्रथिनं प्रतिकिलो 1.6 ते 2.2 ग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या व्यक्तीला किमान 112 ग्रॅम. नुसत्या वरण-भातातून हे अवघडच! एका अंड्यात 6 ग्रॅम, तर 100 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे 50 ग्रॅम मिळतात. बारवरचं वजन सलग काही आठवडे घसरलं, तर आहारातली कपात जास्त झाली समजा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.