कमी धावलेली पोर्शे कॅरेरा जीटी

पोर्शे कॅरेरा जीटी ही दोन आसनांची, उघड्या टपाची जर्मन गाडी आहे. कार्बन फायबरच्या छताचे दोन तुकडे हाताने काढून पुढच्या डिकीत ठेवता येतात. तिचे 5.7 लिटरचे व्ही-10 इंजिन मुळात शर्यतीच्या गाडीसाठी घडवले होते. तो बेत बारगळला आणि 2000 साली पॅरिसच्या प्रदर्शनात हेच इंजिन रस्त्यावरच्या गाडीच्या नमुन्यात बसवलेले दिसले. ताकद 612 अश्वशक्ती, गिअर हाताने बदलायचे. 1,500 गाड्या काढायचे ठरले होते. 2006 पर्यंत लाइपझिगच्या कारखान्यातून 1,270 च्या आसपासच बाहेर पडल्या.

संग्राहकांच्या बाजारात अशा गाडीचा भाव मुख्यतः मीटरवरच्या आकड्यावर ठरतो. जेमतेम काहीशे किलोमीटर चाललेली गाडी बरीच महाग जाते. आकडा मात्र एकटा पुरेसा नसतो. सर्व्हिसच्या नोंदी, मूळ रंग आणि सोबत आलेले सामान यांचा मेळ बसावा लागतो.

कमी वापर म्हणजे उत्तम स्थिती, हा समज अर्धाच खरा. रबर उभ्या उभ्या कडक होते, सील सुकतात, टाकीतले पेट्रोल खराब होते. या गाडीच्या बाबतीत जुने टायर हा खरा धोका: मागच्या चाकांची पकड सुटली तर सावरून घेणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा तिच्यात नाही. त्यामुळे टायरच्या कडेवर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष खरेदीआधी वाचणे आवश्यक ठरते.