पहिले धनुष्य निवडताना

सीतास्वयंवराच्या कथेवर वाढलेल्या आपल्या समाजात, जितके धनुष्य जड तितका धनुर्धर मोठा, अशी समजूत घरोघर मुरलेली आहे. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके मिळविली. तेव्हापासून एखाद्या घरी मुलाने धनुष्याचा हट्ट धरला तर नवल नाही. परंतु दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी पालकांनी ही समजूत उंबऱ्याबाहेर ठेवावी. शिवधनुष्य पेलण्याची हौस बहुधा खांद्याच्या दुखण्यावर जाऊन थांबते.

धनुष्याचा ताण पौंडांत मोजतात आणि त्यावर छापलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. आपली ओढ काढणे सोपे आहे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे व त्याला अडीचने भागावे. हे अंतर ६५ इंच भरले तर ओढ २६ इंच. दर इंचामागे ताण सुमारे दोन पौंडांनी बदलतो. म्हणजे २४ पौंडांचे धनुष्य या व्यक्तीच्या हाती वीस पौंडांचेच होते. नवशिक्या प्रौढास २० ते २४ पौंड पुष्कळ झाले; शाळकरी मुलास याहून कमीच हवेत. धनुष्य पूर्ण ओढून दहा सेकंद हात न थरथरता धरता आले, तरच ते आपले समजावे.

फार वर्षांनी पुन्हा मैदानावर येणाऱ्यांची गोष्ट जरा नाजूक आहे. कॉलेजात चाळीस पौंड ओढल्याची आठवण मनाला असते, पाठीच्या स्नायूंना नसते! अशांनी तीस पौंडांच्या आतच आरंभ करावा.

सुट्या भागांचे रिकर्व्ह धनुष्य घेतल्यास मधली मूठ कायम ठेवून वरखालची पाती पुढे बदलता येतात. दरवेळी सबंध खर्च पडत नाही. अदिती व ओजस यांचे चाकांचे कंपाउंड धनुष्य पूर्ण ओढल्यावर हलके लागते हे खरे, पण ते ज्याच्या त्याच्या ओढीला जुळवावे लागते. थोरल्याचे धाकट्याला, हा आपला नेहमीचा हिशेब तेथे सहसा चालत नाही.

उजवे की डावे, हे ठरविताना हाताबरोबर डोळ्यालाही विचारावे. दोन्ही तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवून दूरची वस्तू पाहावी व एकेक डोळा मिटावा; ज्या एकट्या डोळ्याला ती फटीत दिसत राहते, तो आपला नेमाचा डोळा.

परीक्षा म्हणून बाण न लावता दोरी ओढून सोडू नये, पाती तडकतात. आणि बाण आपल्या ओढीपेक्षा एक-दोन इंच लांबच घ्यावेत. आखूड बाण ओढताना आधारावरून मागे सरकतो आणि सुटताना धनुष्य धरलेल्या हातातच शिरू शकतो.