प्राध्यापक आंबेडकर आणि वंशाचा प्रश्न

बुटीबोरीजवळ वारंगा इथे नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठाचा परिसर आहे. वंशभेद आणि आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय घेणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्याने संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हाकडे वळण्याआधी मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात डोकावावं.

बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली तिथे प्राध्यापक झाले आणि १९३५ ते १९३८ प्राचार्य होते. घटनेच्या शिल्पकारापुढे हा शिक्षक आपल्याला सहसा दिसतच नाही. इंग्लंडच्या राज्यघटनेवरची त्यांची वर्गातली व्याख्यानं मात्र आज छापील मिळतात. कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं, यावर १९३६मध्ये त्यांनी महाविद्यालयाच्याच मासिकात लिहिलं. त्यांच्या सुरुवातीच्या काळातले तिथले एक सहकारी प्राध्यापक म्हणजे एम. सी. छागला.

१९४६मध्ये दोघांनीही वंशाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांशी जोडला, पण अगदी वेगळ्या वाटांनी. संयुक्त राष्ट्रांत गेलेल्या, विजयालक्ष्मी पंडित यांच्या भारतीय शिष्टमंडळात छागला होते. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरचा अन्याय हा आमचा अंतर्गत मामला, असा तिथले पंतप्रधान जनरल स्मट्स यांचा बचाव होता. तरीही डिसेंबरमध्ये आमसभेने भारताच्या बाजूने ठराव केला.

त्याच वर्षी आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. अस्पृश्यही तसाच विचार करत आहेत, अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळतील का, एवढीच मागणी. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचं उत्तर पाठवलं.

गंमत अशी की जात म्हणजे वंश, हे आंबेडकरांना कधीच मान्य नव्हतं. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चर्मकार वंशाने एकच, असं त्यांनी १९३६मध्येच मांडलं होतं. जात आणि वंश वेगळे असले तरी अन्यायाची घडण सारखी, म्हणून दादही एकाच दारात मागता येईल, हा त्यांचा वकिली हिशेब असावा.

वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार १९६५मध्ये झाला. त्याच्या व्याख्येत वंश आणि रंगाबरोबर जन्मपरंपराही (descent) आहे, आणि ती घालण्याची सूचना भारताचीच. वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००१च्या डर्बन परिषदेत मात्र जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून ती या चर्चेत नको, अशी भारत सरकारची भूमिका होती. यातलं पहिलं अर्धं वाक्य आंबेडकरांचं, दुसरं त्यांच्या पत्राच्या थेट विरोधात. पुढच्याच वर्षी कराराच्या समितीने जातीवरचा भेदभावही जन्मपरंपरेत मोडतो, असं स्पष्ट केलं. सरकारला ते मान्य नाही.