तेरा वर्षांचं मोठं माणूस

दिवाळीच्या सुट्टीत माझी कॉलेजची मैत्रीण दोन्ही मुलांना घेऊन आठ दिवस आमच्याकडे महाबळेश्वरला आली होती. मुलगा आठवीत, मुलगी सहावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच गच्चीवरून सुरात काहीतरी म्हटल्याचा आवाज यायला लागला. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "अहो, पाहुण्यांकडे मुंज आहे का?" मी म्हटलं, "हो काकू, तसंच समजा!"

मैत्रिणींनो, ही माझी मैत्रीण ज्यू आहे. पुण्याला हॉस्टेलवर आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागलेलं, बोलणं तुमच्याआमच्यासारखं मराठी. पहिले चार महिने मला पत्ताही नव्हता! या समाजाला बेने इस्रायल म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचे आम्ही वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आमच्या महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरलं की पोलादपूर, आणि तिथून पुढे ज्या रायगड जिल्ह्यातून आपण अलिबागला जातो, त्याच जिल्ह्यात त्यांची जुनी गावं आहेत.

पुढे नोकरीधंद्यासाठी हा समाज मुंबई-पुण्याला आला आणि 1948 नंतर बराचसा इस्राएलला गेला. 2011 च्या जनगणनेत भारतभरात ज्यूंची संख्या पाच हजारांच्याही आत होती. माझ्या मैत्रिणीचं बिऱ्हाड नवऱ्याच्या नोकरीमुळे साताऱ्यात. तिथे जवळपास दुसरं ज्यू घर नाही आणि सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनेला, जायचं तर पुणं गाठायचं. अशा ठिकाणी मुलाचं 'बार मिट्झवा' करायचं म्हणजे आईबापाची कसोटीच.

ज्यू मुलाला तेरावं वर्ष पूर्ण झालं की धर्माच्या दृष्टीने तो जाणता झाला. त्यानंतर आपल्या बऱ्यावाईटाचा हिशेब त्याचा त्याने द्यायचा. वडील सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतात, की आता ही जबाबदारी माझ्यावरून त्याच्यावर गेली. बारशाला नुसतं मांडीवर बसलं तरी चालतं, इथे मात्र उत्सवमूर्तीलाच राबावं लागतं. सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, वाचायचा.

वाचायचा म्हणजे काय, ते मला गच्चीवर कळलं. तोराची पोथी चामड्यावर हाताने लिहिलेली असते आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. पण खरी गंमत पुढे आहे. त्या पोथीत स्वरांच्या खुणा नसतात. मी म्हटलं, "म्हणजे कसं रे?" पोराने माझ्या वाणसामानाच्या यादीमागे लिहिलं, 'महबळशवर'. "मावशी, हे तू वाचशील, कारण तुला गाव माहीत आहे. मला तसंच वाचायचंय आणि चालीतही म्हणायचंय." म्हणून सरावाच्या पुस्तकात खुणांसकट पाठ करायचं आणि त्या दिवशी खुणांशिवाय वाचायचं. पोथीला बोटही लावायचं नाही, हाताच्या आकाराची कांडी फिरवत जायचं.

शिकवणार कोण? पुण्यातले एक प्रार्थना चालवणारे गृहस्थ, ज्यांना हझान म्हणतात, ते आठवड्यातून दोनदा मोबाईलवर समोर बसवून शिकवत. बाकीचे पाच दिवस आईचे. आणि आईला हिब्रू येत नव्हतं!

तिच्याकडे होती आजेसासूबाईंची वही. त्यात हिब्रू प्रार्थना देवनागरी अक्षरांत उतरवलेल्या. पानांना हळदीचे डाग. ती म्हणाली, "अगं, आधी लाज वाटायची, आपल्यालाच येत नाही तर मुलाला काय सांगणार. मग त्याच्याबरोबर पहिल्या अक्षरापासून बसले." या समाजाने आपला धर्म मराठीतून जपलाय. वल्हांडणाच्या रात्री वाचायचं त्यांचं पुस्तक 1874 साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापलं गेलं. त्यातल्या चित्रात बायका आपल्याकडच्या वेशात जमिनीवर बसून बिनखमिराची भाकरी करतायत.

शुक्रवारी संध्याकाळी तिने आमच्या जेवणघरात मेणबत्त्या लावल्या. शनिवारी दिवसभर विस्तव नाही, मोबाईल नाही. पोरांनी कुरकुर केली नाही. माझी मुलं मात्र बघतच राहिली.

मुलीचं काय, हे मी विचारायच्या आधी तिनेच विचारलं. दादा अडला की ही आतून पुढचा शब्द सांगायची, तोही चालीत! एकदा चिडून म्हणाली, "पाठ मला पण झालंय, मग मी कधी?" मुलगी बारा वर्षांची झाली की जाणती होते, त्याला 'बाट मिट्झवा' म्हणतात. पण मुलीने सर्वांसमोर वाचायची पद्धत नवी. 1922 साली न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लन या बारा वर्षांच्या मुलीने ते केलं. बऱ्याच जुन्या वळणाच्या सिनेगॉगमध्ये आजही मुली वाचत नाहीत. पण आपल्याकडेही पुढे पाहणाऱ्या बायका होत्याच. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, ज्यांना 1966 साली पद्मश्री मिळाली, त्या बेने इस्रायलच. 1925 साली मुंबईत ज्यूंची सुधारक विचारांची 'ज्यूईश रिलिजस युनियन' सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. मैत्रिणीने लेकीला एवढंच सांगितलं, "तू शिकत राहा. कुठे म्हणायचं ते आपण दोघी बघू."

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पुण्याला गेलो. तोराचं वाचन सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी होतं. शनिवारी प्रवास चालत नाही, म्हणून यांनी गुरुवार धरला. आदल्या संध्याकाळी नातेवाइकांच्या घरी मलिदा झाला. एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्या नावाने हा विधी शुभकार्यात करतात. गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, आणि भोवती फळं मांडलेली. मी स्ट्रॉबेरी नेली होती. झाडाच्या फळाला एक प्रार्थना आणि जमिनीलगतच्या फळाला दुसरी. आमची स्ट्रॉबेरी केळ्याच्या शेजारी, जमिनीच्या रांगेत गेली.

सकाळी सिनेगॉगमध्ये आम्ही बायका बाजूला बसलो. मुलाने डाव्या दंडावर आणि कपाळावर चामड्याच्या काळ्या पेट्या पट्ट्यांनी बांधल्या. त्यांत धर्मवचनं असतात. हे बांधायचाही त्याने महिनाभर सराव केला होता. पण वाचन सुरू होईना. तोरा सर्वांसमोर उघडायला किमान दहा जाणते पुरुष लागतात, आणि ठाण्याहून निघालेले दोन काका घाटातल्या गर्दीत अडकले होते. मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. साताऱ्याहून एवढं येऊन दिवस फुकट जाणार की काय!

हझान मोजायला लागले. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत असा त्यांचा संकेत आहे, म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणत एकेकावरून नजर फिरवतात. शेजारपाजारचे म्हातारे, मुलाचे बाबा... नऊ शब्द झाले. दहावा शब्द आमच्या पोरापाशी आला. ज्यू पंचांगाने दोनच दिवसांपूर्वी त्याला तेरा पूर्ण झाली होती. हझान हसले आणि पोथी उघडली.

तो मध्ये एकदा अडला. माझ्या शेजारी बसलेल्या बहिणीचे ओठ हलले. मग तो पुढे गेला. शेवटी सगळ्यांनी गोळ्या-चॉकलेटं उधळली आणि घाटातून सुटलेले काका ती वेचायला बरोबर वेळेवर पोचले!

परतताना मी विचार करत होते. आपण मुलांच्या वाढदिवसाला हॉल घेतो, केक आणतो, मागेल ती वस्तू देतो. पण "आज तुझ्यावाचून आमचं अडलं असतं" हे वाक्य आपल्या तेरा वर्षांच्या मुलाने कधी ऐकलंय का? आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, "ताई, मी घरचं लाइटबिल आणि पाणीपट्टी मुलीकडे सोपवते. चुकली तर चुकली." मला ते पटलं.

मैत्रिणीच्या मुलीला पुढच्या वर्षी बारावं पूर्ण होतंय. दिवाळीत गच्चीवर सकाळी सहाला पुन्हा आवाज येणार आहे. काकूंना मी आताच सांगून ठेवलंय, या वेळी मुलीची आहे.