वाशिमचा ताम्रपट वाचता येतो, मग १९९८ची फ्लॉपी का नाही?

२५ जून १९९८ला विंडोज ९८ बाजारात आलं. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ जुलैला, अकोला जिल्ह्याचं विभाजन होऊन वाशिम जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हटल्यावर नवी कार्यालयं, नवे शिक्के, नव्या फायली आल्या आणि हळूहळू टेबलांवर ते पांढरट रंगाचे, डब्यासारखे कॉम्प्युटरही आले. जिल्ह्याने पंचविशी ओलांडली. ते कॉम्प्युटर कुठे गेले?

बरेचसे भंगारात. काही शाळेच्या स्टोअर रूममध्ये, मोडक्या बाकांच्या मागे. चपला बाहेर काढून ज्या लॅबमध्ये आपण जायचो, तिथल्या यंत्रांचा शेवट असा झाला.

पण जगात काही लोक हीच यंत्रं शोधून, पुसून, दुरुस्त करून पुन्हा चालू करतात आणि गावोगावच्या प्रदर्शनांत मांडतात. या मंडळींच्या गटांना म्हणतात व्हिंटेज कॉम्प्युटर क्लब. रिकामटेकड्यांचा छंद वाटतो ना? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण यात आपल्या मराठीचा एक मोठा प्रश्न अडकलाय.

हे क्लब नेमकं करतात काय?

अमेरिकेत १९९७ साली कॅलिफोर्नियात पहिला व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल भरला. आता असे मेळे अनेक शहरांत भरतात. हॅम रेडिओवाल्यांच्या जत्रेतही या क्लबांचं एखादं टेबल असतं. संग्रहालयात काचेआड ठेवलेलं यंत्र आपण लांबून बघतो. इथे यंत्र चालू असतं आणि बघणाऱ्याने कीबोर्डवर बोटं चालवावीत अशीच अपेक्षा असते. कॅसेट लावायची, टीव्हीच्या पडद्यावर रेघा नाचताना बघायच्या आणि गेम सुरू व्हायची चार-पाच मिनिटं वाट बघायची. रील दोन सेकंद अडकलं तरी वैतागणाऱ्या माझ्यासारख्यांना हा अनुभव जड जाईल.

असं टेबल आपल्याकडे मांडायचं झालं, तर त्यावर काय असेल? १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात देशातल्या निवडक २४८ शाळांपासून सुरुवात करून ब्रिटनचे बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले गेले. त्यांची मेमरी होती ३२ केबी. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. त्याच दशकात घरच्या टीव्हीला जोडायचा स्पेक्ट्रम कॉम्प्युटर भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने विकला जात होता. त्याच्याही आधीचं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं टिफ्रॅक मात्र टेबलावर मावणारं नाही. १९६० साली सुरू झालेल्या त्या यंत्रात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या.

प्लग लावला की झालं?

अजिबात नाही. माळ्यावर जुना कॉम्प्युटर सापडला, तर लगेच स्विच दाबू नका. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये कागदी थरांचे कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षं पडून त्यांच्या कवचाला तडे जातात, आत दमटपणा शिरतो आणि वीज दिली की धूर निघतो. नव्वदीच्या आसपासच्या पीसींच्या मदरबोर्डवर घड्याळासाठी छोटी बॅटरी असायची. ती गळते आणि त्यातला क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. म्हणून जाणकार आधी यंत्र उघडतात, बॅटरी काढतात, कपॅसिटर बदलतात आणि मगच वीज देतात. जुन्या मॉनिटरच्या आत तर प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. तिथे हौशी माणसाने हात घालूच नये.

यात मराठी कुठे आली?

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी कॅपिटल 'ए'चा आकडा ६५. देवनागरीसाठी असे ठरलेले आकडे सुरुवातीला नव्हतेच. आयआयटी कानपूरमध्ये आणि १९८८नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये यावर जे काम झालं, त्यातून 'जिस्ट कार्ड' आलं. हे सर्किटचं कार्ड पीसीच्या आत खोचलं की वर्डस्टार किंवा डीबेससारखे निव्वळ इंग्रजी प्रोग्रामसुद्धा पडद्यावर देवनागरी दाखवू लागायचे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही सामाईक आकड्यांची पद्धत आली आणि १९९१ला ती भारतीय मानक झाली. आजच्या युनिकोडमधल्या भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवरून घेतली आहे. आज तुम्ही व्हॉट्सअॅपवर मराठी टाइप करता, त्याची मुळं त्या कार्डाच्या काळात आहेत.

पण मधल्या काळात घोळ झाला. विंडोज ९८मध्ये मराठी युनिकोडची सोय नव्हती, ती विंडोज २०००पासून आली. तोवर काम थांबणार थोडंच? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, शिवाजी फॉन्ट अशी कितीतरी साधनं आली. बहुतेकांची युक्ती एकच होती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे: कुठे काना, कुठे अर्धा स, कुठे रफार. पडद्यावर छान मराठी दिसायची, पण फाइलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरंच. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की समोर नुसती अगम्य अक्षरांची गर्दी. त्यात प्रत्येक कंपनीची तुकडे बसवण्याची रीत वेगळी.

मग कन्व्हर्टर वापरावा की! वापरतात, पण तिथेही अडतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलट. जोडाक्षरं तुटतात. 'कार्यालय' नीट आलं तर 'निर्लेखन' बिघडतं, आणि शेवटी पूर्ण मजकूर माणसालाच तपासावा लागतो.

म्हणजे जिल्ह्याच्या पहिल्या वर्षांत गावच्या साप्ताहिकाने लावलेली पानं, डीटीपीवाल्याने केलेल्या स्मरणिका, कुणी टाइप करून घेतलेल्या आजोबांच्या आठवणी, हे सगळं १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर असेल, तर दोन कुलपं आहेत. एक फ्लॉपी वाचण्याचं, दुसरं फॉन्टचं. दोन्ही उघडण्याची सगळ्यात खात्रीची किल्ली म्हणजे तोच फॉन्ट असलेला, चालू स्थितीतला जुना पीसी. प्रदर्शनातलं ते टेबल इथे एकदम कामाचं होतं.

ब्रिटनला याचा धडा चांगलाच मिळाला. १०८६ साली तिथल्या राजाने करून घेतलेली जमिनींची नोंदवही, डूम्सडे बुक, आजही वाचता येते. तिच्या ९००व्या वर्षी, १९८६ला, बीबीसीने दहा लाखांहून जास्त लोकांना सोबत घेऊन तिची डिजिटल आवृत्ती लेझर डिस्कवर काढली. पंधराएक वर्षांतच ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली. शेवटी २००२च्या सुमारास संशोधकांनी जुन्या यंत्राचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर, तयार करून ती वाचवली.

आपलं उदाहरण तर घरातलंच आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशिमला सापडला. तो चौथ्या शतकातला, संस्कृत आणि प्राकृतमध्ये कोरलेला. लिपी जाणणारा माणूस असला की पुरे, मध्ये कुठलंही यंत्र लागत नाही.

मग वाशिममध्ये काय करता येईल?

पहिली अडचण कागदाची. सरकारी किंवा अनुदानित शाळेतला बंद कॉम्प्युटर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असतो. तो असा उचलून कुणाला देता येत नाही. आधी निर्लेखन, मग लिलाव किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे रवानगी. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियमही पाळावे लागतात आणि ते बरोबरच आहे, कारण त्यात शिसं असतं. पण निर्लेखनाच्या यादीत टाकण्याआधी हार्ड डिस्कमधल्या मराठी फायली आणि फॉन्ट एकदा उतरवून घेता येतील का, हे बघायला हवं.

दुसरं, जागेची अडचण नाही. हौशी लोकांचा मेळा आपल्याला नवा असेल, पण शाळांचं विज्ञान प्रदर्शन तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत भरतंच. ज्वालामुखीच्या प्रतिकृतीशेजारी एक चालू विंडोज ९८चा पीसी आणि बाहेर जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह ठेवायचा. कारंजा, रिसोड किंवा मानोऱ्याच्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी कोळून प्यायलेला माणूस नक्की भेटेल. त्याला टेबलाच्या त्या बाजूला बसवायचं.

तोवर तुमच्या घरात फ्लॉपी सापडलीच, तर तिची पत्र्याची झडप हलकेच सरकवून आत बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, नाहीतर ड्राइव्हचं हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्यांवरही ओरखडे पडतील. ठिपके नसतील तर कोरड्या डब्यात, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा आणि डब्यावर लिहून ठेवा, मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये होता.