जाळीदार पडद्याआडची अळंबी

युरोपातील पाइन, बर्च, ओक अशा वृक्षांच्या रानांत पावसानंतर जी नाना रंगांची अळंबी उगवतात, त्यांत 'कोर्टिनारियस' हा एक फार मोठा वर्ग आहे. 'कोर्टिना' या लॅटिन शब्दाचा अर्थ पडदा. कोवळ्या अळंबीत छत्रीच्या कडेपासून देठापर्यंत कोळिष्टकासारखा तलम पडदा ताणलेला असतो. त्यावरूनच हे नाव पडले.

परंतु ही खूण फार काळ टिकत नाही. छत्री उमलली की पडदा फाटतो; चार-दोन तंतू देठाला चिकटून राहतात, आणि तेही पावसाने धुऊन जातात. म्हणून पडदा दिसला नाही, एवढ्यावरून अळंबी निर्धोक ठरत नाही. दुसरी खूण बीजुकांची. छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून वर वाडगा झाकावा. सकाळी कागदावर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची भुकटी पडलेली दिसते. पिकलेल्या अळंबीच्या छत्रीखालील पाकळ्याही त्याच रंगाच्या होतात.

एवढी पारख कशासाठी? या वर्गातील काही जातींत 'ओरेलानिन' नावाचे विष असते. शिजविल्याने वा वाळविल्याने ते नष्ट होत नाही. ते मूत्रपिंडे निकामी करते, आणि त्यावर उतारा नाही. १९५०च्या दशकात पोलंडमध्ये शंभराहून अधिक माणसे अशा रीतीने आजारी पडली. त्यांपैकी ११ दगावली. जेवणानंतर दोन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत काहीच त्रास जाणवत नसल्यामुळे अळंबीचा संशय कोणास येईना. अखेर डॉ. ग्झिमावा यांनी १९५७ मध्ये तो संबंध उघड केला. २००८ मध्ये स्कॉटलंडमध्ये इंग्रज कादंबरीकार निकोलस इव्हान्स व त्यांचे तीन आप्त यांनी हीच विषारी अळंबी खाण्याजोगी समजून खाल्ली. पुढे २०११ मध्ये मुलीने दिलेल्या मूत्रपिंडामुळे इव्हान्स यांना आधार मिळाला.

आपल्याकडे पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी निराळ्या वर्गाची आहेत. तथापि या हकिगतींतला धडा आपल्यालाही लागू आहे. चांदीचे नाणे काळे पडले नाही, किड्यांनी कुरतडले आहे, किंवा काल खाऊन कोणास बाधा झाली नाही, यांपैकी एकही पुरावा खरा नव्हे. जी जात पिढ्यान्‌पिढ्या खात्रीने ओळखीची आहे, तीच घरात आणावी. शंका वाटल्यास टोपलीतून काढून टाकावी. आणि खाल्ल्यानंतर पंधरवड्याने जरी लघवी कमी झाली, फार तहान लागली किंवा कंबर दुखू लागली, तरी डॉक्टरांस अळंबीची गोष्ट आवर्जून सांगावी.